इरकली शीड

“दाजी, पाणी कुठंय?” गुरुपादप्पाने विचारलं.

माणिकप्पाने रंधा थांबवला नाही. “येतंय.”

“दोन वर्सं झाली, थेंब न्हाई. आन् तुम्ही होडी करून राहिलेत.”

“मग काय पाणी आल्यावर फळ्या तासायच्या?”

होडी अंगणात पालथी होती. तेरा फूट लांब, बाभळीच्या फासळ्या, सागवानी फळ्या. फळ्यांसाठी माणिकप्पाने बैठकीचं माळवद उतरवलं होतं. पाऊसच नसल्यामुळे छपराची तशी गरज नव्हती. उदगीरच्या एका शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवून तो नुकताच निवृत्त झाला होता. पोरांना पोळपाटाच्या पुढे नेणं त्याला जमलं नव्हतं. होडी त्याने भूगोलाच्या पुस्तकात पाहिली होती, तीही एकाच बाजूने.

गावाखाली धरण बांधून तयार होतं. जिल्हा नवा, धरण नवं, दुष्काळ तेवढा जुना. पाणी आलं की माणिकप्पाचं ओढ्याकाठचं रान बुडणार होतं, आणि त्या रानात त्याच्या बायकोची, शिवगंगेची समाधी होती. बाहत्तर साली ती पटकीने गेली. साथ अशी, की हात लावायला कुणी उंबरा ओलांडेना. सोलापूरला असलेल्या तिच्या भावाची वाट पाहायलाही वेळ नव्हता. तो भाऊ म्हणजे गुरुपादप्पा. तिसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा रिवाजाप्रमाणे बसवून माती देऊन वर ओटाही बांधून झाला होता. तेव्हापासून माणिकप्पा दर सोमवारी ओट्यावर बेल वाहत आला. दुसरं लग्न त्याने केलं नाही.

लातूरच्या नव्या कचेरीला कामाची हौस होती. बुडीत रानातल्या समाध्या सरकारी खर्चाने उकरून अस्थी वरच्या गायरानात हलवून मिळतील, असा कागद निघाला. गुरुपादप्पाने अर्ज केला. माणिकप्पाने हरकत घेतली. कचेरीचे भाऊसाहेब चौकशीला आले.

“जाळणाऱ्यांचं बरं असतं,” ते म्हणाले. “त्यांचा फॉर्मच नाही.”

“माझी अक्का चिखलात काम्हून राहावी?” गुरुपादप्पा म्हणाला. “बेल कुठं वाहायचा? माशांच्या डोक्यावर?”

“बसवलेल्या माणसाला उठवू न्हाई,” माणिकप्पा म्हणाला. “मी होडीनं जाईन.”

भाऊसाहेबांनी मधला मार्ग काढला. मृगाआधी होडी झाली आणि ती गळली नाही, तर शेऱ्यात ‘दर्शनाची सोय आहे’ असं लिहायचं. नाही तर खोदाई.

गुरुपादप्पाला घराण्याच्या नावाची फार चाड. त्याची एक चुलतबहीण सत्तर साली परजातीच्या माणसाबरोबर निघून गेली होती. त्याने तिला समजावून परत आणली. आठवड्यात ती पाय घसरून विहिरीत पडली. विहिरीला तेव्हा पाणी नव्हतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सख्ख्या बहिणीचं नाव काढलं की मात्र तो डोळे पुसायचा. अक्का घराण्याला शोभेल अशी गेली, असं तो म्हणायचा.

माणिकप्पा दिवसभर होडीला चिकटून असायचा. वल्ही मारायला उजवा खांदा साथ देत नव्हता, म्हणून शीड. एक फळी वाकवताना तीनदा तडकली. चौथी त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि त्या पाण्यापायी चार दिवस आंघोळ केली नाही. फटींत ताग ठोकला, वर डांबर चोपडलं. बोटं फुटली, तिथंही डांबर लावलं.

मृगाच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब आले. होडी पाण्यात घालायची, तर पंचक्रोशीत पाणी नव्हतं.

“मग पाणी होडीत घाला,” माणिकप्पा म्हणाला. “आतलं भाईर न्हाई आलं, तर भाईरलं आत न्हाई येत.”

भाऊसाहेबांनी हे लिहून घेतलं.

होडी सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवली आणि गावाचा अर्धा टँकर तिच्यात रिकामा झाला. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुमची परीक्षा लवकर आटपा,” पुढे उभी असलेली मल्लम्मा म्हणाली. “चुली खोळंबल्यात.”

गुरुपादप्पा होडीखाली उताणा झोपला. एकेक सांधा बोटाने चाचपू लागला. माणिकप्पा कट्ट्यावर बसला होता. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

तासाभराने गुरुपादप्पा बाहेर आला. बोट कोरडं होतं. बायकांनी घागरी बुडवायला सुरुवात केली.

“शिडाला काय लावणार, दाजी?”

माणिकप्पाने घरातून एक घडी आणून उलगडली. शिवगंगेचं इरकली लुगडं होतं, दुहेरी शिवलेलं. गुरुपादप्पाने त्याचा पदर डोळ्यांना लावला.

“असा नवरा मिळायला लई पुण्य लागतं,” तो म्हणाला. भाऊसाहेबांकडून अर्ज मागून घेऊन त्याने तो फाडला.

पाऊस श्रावणात आला. आठ दिवसांत ओटा दिसेनासा झाला. त्यानंतरच्या सोमवारी दोघे होडीत बसून गेले. होडी डावीकडे जरा झुकत होती, पुस्तकात न दिसलेल्या बाजूला. पण चालली. ओट्याच्या अंदाजाने गुरुपादप्पाने बेल सोडला आणि हात जोडले. माणिकप्पाने दोरीला दगड बांधून खोली मोजली. तीन पुरुष पाणी होतं. त्याने पुन्हा एकदा मोजली.

दुसऱ्या दिवशी त्याने नांदेडची एसटी धरली आणि तिथून किनवटची. उतरून तो रुळांच्या पलीकडे चालत गेला आणि एका पत्र्याच्या घराची कडी वाजवली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने दार उघडलं. हात पिठाचे होते. आत कुणीतरी पुरुष खोकला. माणिकप्पाने तिकडे पाहिलं नाही.

“आता कुणी उकरणार न्हाई, शिवगंगे,” तो म्हणाला.