चुन्याच्या रेघा

सिकंदराबादपलीकडच्या प्लॉटवर मेस्त्रीने आमच्या चौदा खोल्यांच्या घराचा नकाशा चुन्याने जमिनीवर आखला. माझी बायको पद्मावती हौसेने आमच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"बाबा, बजेट दोन कोटींनी वर चाललंय," मुलगा गौतम म्हणाला. "तुमची खोली जरा लहान केली तर चालेल ना?"

मी मान डोलावली. आयुष्यभर तेच केलं.

मेस्त्रीने पायाने एक रेघ पुसली, चार फूट आत नवी ओढली आणि गौतमच्या मोबाइलवरचे आकडे पाहायला गेला. दोघांची पाठ आमच्याकडे होती.

नव्या रेघेपाशी पद्मावती मोकळ्या हवेवर धाडकन आपटली. तिचा खांदा मोडून लोंबकळला. नाकातलं रक्त हवेतच सपाट पसरलं. ती किंचाळत असावी, पण रेघेबाहेर आवाज येत नव्हता.

मला भास झाला असेल, असं वाटलं. तरी धावलो. रेघेवरच्या हवेवर आपटून माझे दात फुटले.

"गौतम, रेघ पुसायला सांग," मी म्हणालो. मला मोठ्याने बोलता येत नाही.

"बडे सार क्या बोलते?" मेस्त्रीने विचारलं.

"कुछ नै," गौतम वळून न बघता म्हणाला. "और दो फुट अंदर लो."