माइंड म्हणजे मन

"डू यू माइंड इफ आय कॉल यू आई?" नव्या स्कॉटिश सुनेनं विचारलं, तेव्हा शरयूबाईंना गहिवरून आलं. माइंड म्हणजे मन, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या मनापासून म्हणाल्या, "येस, येस. व्हेरी मच माइंड."

आधीच गोरी असलेली सून गोरीमोरी झाली. तेव्हापासून ती त्यांना 'मिसेस बापट' म्हणू लागली. पोटी मुलगी नसलेल्या शरयूबाई आतून खट्टू झाल्या.

शेवटी मुलगाच चिडला. "आई, तिनं तुला आई म्हटलं तर तुझं काय बिघडतं?"

"मी कुठं नाही म्हटलं?"

"तेच तर. माइंड म्हणजे हरकत असणं. चालणार असेल तर 'नो' म्हणायचं."

"हो म्हणायला नाही म्हणायचं? दीडशे वर्षं राज्य कसं केलं यांनी, ते आत्ता कळलं," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सून कणीक मळत होती. "नो," शरयूबाई ठणकावून म्हणाल्या. "नो माइंड. व्हेरी मच नो."

क्षणभर गोंधळलेली सून "आई" म्हणत तशीच गळ्यात पडली. पातळावर उमटलेले कणकेचे पंजे मिरवत शरयूबाई संध्याकाळी देवीला नमस्कार करून आल्या.