टोरलाइफचं चित्र

लोफोटेनच्या बेटावर राग्ना एकटी राहून चित्रं काढायची. राजधानीतल्या प्रदर्शनाने दरवर्षी ती परत पाठवली. यंदा मात्र एक निवडलं, कोळी टोरलाइफचं. चित्राचं खोकं घेऊन ती धक्क्यावर उभी होती, तोच टोरलाइफची बायको धावत आली. तो गेल्या हिवाळ्यात बोटीसकट बुडाला होता. “बाई, त्यांचा एक फोटोसुद्धा नाही हो घरात. पोटातल्या लेकराला बाप कसा दाखवू?” आगबोटीने भोंगा दिला. राग्ना घुटमळली, मग खोकं तिच्या हाती देऊन माघारी फिरली. प्रदर्शनाने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे दर रविवारी चर्चमधून परतताना ती टोरलाइफच्या घराच्या खिडकीपाशी थांबून आपलं चित्र बघायची. एकदा आतून पोरीचा आवाज आला, “आई, चित्रवाली आजी आली बाबाला बघायला!” “बोलाव की आत, कॉफी ठेवते.” दार उघडेपर्यंत राग्ना वळणापलीकडे गेली होती.