हयातीच्या दाखल्याची खिडकी

मनगटावरचा पट्टा दर मिनिटाला माणूस जिवंत असल्याचं सरकारला कळवू लागला, तेव्हापासून हयातीच्या दाखल्याच्या खिडकीवर पेन्शनर येईनात. खिडकीतल्या लोणारेबाई महिनोन्महिने कुणाशी बोलल्या नव्हत्या. आज निवृत्त कारकून सोनटक्के आले.

"काका, तुमचा दाखला पट्ट्यानं सकाळीच पाठवलाय."

"ठाऊक आहे. म्हटलं, एकदा माणसानंही बघावं."

बाईंनी त्यांना नीट बघून घेतलं. काम संपलं. काका वळले, तशा बाई घाईनं म्हणाल्या, "एक कागद कमी आहे. उद्या या."

कागद कधीच बंद झाले होते, हे काका जाणून होते. जन्मभर त्यांनीही लोकांना असंच परत पाठवलं होतं.

"हेलपाटे घालायला लावणार तर!" ते खुशीत म्हणाले. "किती वाजता येऊ?"

"साडेदहाला. पण साहेब नसले, तर परवाही यावं लागेल."