सावकाश सांगा

"गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा विचारात पडला. शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवर पिशवी धरून बसली होती. पहाटे तीनला जाग येते, मग छताकडे बघत पडून राहायचं, असं उत्तर तिच्या मनात तयारच होतं. पण प्रश्न तिला नव्हता.

"लागते आता," नवरा म्हणाला. "पाच-सहा तास तरी."

"छान." डॉक्टरांनी छापील कागदावर खूण केली.

दर महिन्याला हा कागद पुढे यायचा. नऊ प्रश्न. नवरा घड्याळजी होता. दारूनं हात थरथरायला लागले तेव्हा दुकानाला कुलूप लागलं. याआधी दोनदा त्याची दारू सोडवून झाली होती आणि दोन्ही वेळा ती परत आली होती. या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की दारूच्या तळाशी उदासी मुरलीय. आपण कवडीमोलाचे आहोत हे यांच्या मनानं घेतलंय. एकीला हाकललं आणि दुसरीला घरात ठेवलं, तर ती पहिलीला पुन्हा बोलावून आणणार. म्हणून उपचार दोघींवर एकदम. रोजच्या गोळ्या, आठवड्याला गटात बसून बोलणं आणि महिन्याला हा कागद. गुण आला होता. पाच महिने घरात बाटली नव्हती, आणि दुकानाचं दार अर्धं का होईना, उघडायला लागलं होतं.

बायकोला आनंद व्हायला हवा होता. तो होतही होता. पण त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी यायचं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तिला नवऱ्याचा हेवा वाटायचा.

त्याचे शंभर दिवस झाले तेव्हा गटातल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं, आपण तर जन्मात थेंब घेतला नाही, आपल्यासाठी कुणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. नणंद फोनवर भावाच्या धीराचं कौतुक करून थकत नव्हती. फोन ठेवण्याआधी मात्र वहिनीला बजावायची, त्याला टाकून बोलू नकोस हं, जप त्याला. गटाचे समुपदेशकही तेच सांगायचे. तिनं जपलं. दिवसभर शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर जोडायच्या आणि घरी आलं की त्याच्या गोळ्या, त्याची भूक, त्याचा चेहरा. स्वतःचा चेहरा बघायची तिची सवयच गेली होती.

"कशात मन रमतं का?"

गेल्या आठवड्यात एक जुनं टोल देणारं घड्याळ आलं, नवरा सांगायला लागला. चार तास कसे गेले कळलं नाही, चहा निवून गेला. सांगताना तो चक्क हसला. तो चहा तिनं केला होता आणि तिनंच नंतर मोरीत ओतला होता. आपलं मन शेवटचं कशात रमलं, ते तिला काही केल्या आठवेना.

थकवा? भूक? प्रत्येक प्रश्नाला ती मनातल्या मनात उत्तर देत गेली. त्याचं उत्तर दर वेळी तिच्यापेक्षा बरं निघालं. एकदा तर तिला वाटून गेलं, याचं एखादं तरी वाईट निघावं. लगेच तिची तिलाच शरम वाटली. ती खिडकीकडे बघायला लागली.

डॉक्टर पुढच्या प्रश्नावर आल्या. "आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, आपल्यामुळे घरच्यांना नुसता त्रास, असं वाटतं का? कधीकधी, बरेचदा की रोज?" नवऱ्यानं मान खाली घातली, तेव्हा त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "घाई नाही. सावकाश सांगा."

बायकोची नजर खिडकीवरून डॉक्टरांकडे वळली. टाळ्यांचं एक वेळ सोडा. हेवा खरा या चार शब्दांचा होता. तिला आजवर सगळे 'आटप लवकर' म्हणत आले होते. आई, सासू, कारखान्यातला सुपरवायझर, सगळेच. उत्तर द्यायला वेळ घे, असं म्हणायचं तर आधी तिला कुणी काही विचारायला तरी हवं होतं.

नवरा आपल्या तळव्यांकडे बघत होता. भिंतीपलीकडे कुणीतरी पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला.

"रोज."

तो शब्द आपल्याच तोंडून गेलाय, हे तिला जरा उशिरा कळलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "ताई, तुम्ही नका सांगू. त्यांचं त्यांना सांगू द्या."

"चुकलं," ती पुटपुटली, आणि पिशवीचे बंद उगाचच घट्ट करायला लागली.

नवरा तिच्याकडे वळला. हा प्रश्न त्याला आजवर पाच वेळा विचारून झाला होता. त्या प्रश्नाचं खरं उत्तर कुठल्या आवाजात येतं, ते त्याच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "ती माझं सांगत नाहीये."