घरात आहे नं सगळं

"चादर कायले पाहिजे विकतची? घरात आहे नं सगळं," सासूबाई आतून म्हणाल्या आणि चपलेत घातलेला पाय स्वरदाने पुन्हा बाहेर काढला.

दाराशी खुर्ची टाकून सासरे बसले होते. भगवानराव तहसीलमधून निवृत्त झाले, तेव्हापासून घरातून कोण बाहेर जातं आणि कशाला जातं, एवढीच हजेरी त्यांच्या हाती उरली होती. ती ते मन लावून घेत. आज महालक्ष्म्यांचं जेवण होतं. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यापायी यंदा पहिल्यांदाच रात्रीची पंगत टेबलावर बसायची होती. स्वयंपाकाला बाई सांगितली होती. टेबल सजवायचं काम तेवढं सुनेचं.

आणि आजच, दुपारी बारा वाजता, धाड गावच्या एका शाळेत स्वरदाची मुलाखत होती. विज्ञान शिकवायची जागा. लग्नाआधी मरमर करून मिळवलेलं बी.एड. आजवर कपाटात पडून होतं. काल जेवताना तिने धीर करून सगळ्यांसमोर विचारलं.

"सणाच्या दिवशी घरची सून नोकरी मागत फिरते काय?" भगवानराव म्हणाले. नवरा, सौमित्र, मान खाली घालून भात कालवत राहिला. सासूबाई वाढत होत्या, त्या वाढत राहिल्या. विषय मिटला.

तेव्हाच स्वरदाने ठरवलं होतं. सजावटीचं सामान आणायला म्हणून निघायचं, स्टँडवरून धाडची जीप पकडायची, फोन बंद करायचा. परत आल्यावर काय व्हायचं ते होवो. प्रमाणपत्रं पिशवीत घालून पिशवी तिने खांद्याला लावलीसुद्धा होती.

पण सासूबाई, शकुंतलाबाई, हात धुऊन मागे लागल्या होत्या. त्यांनी ट्रंक उघडली आणि चक्क आपल्या लग्नातला शालू काढून टेबलावर पसरला. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. या शालूला त्यांनी आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"फुलं तरी आणते, आई."

"परसात तेरडा आहे, कर्दळ आहे. बजारात काय सोन्याची फुलं भेटतात?"

"मग रांगोळीचे रंग..."

"डाळी आहेत नं. आज रांगोळी, उद्या खिचडी."

आणि खरंच, मसूर, मूग नि तांदूळ मुठीतून सोडत त्यांनी ताटांभोवती वेली काढल्या. वाट्या उपड्या घालून त्यांवर पणत्या मांडल्या. हातरुमालांच्या घड्या जुन्या हिरव्या बांगड्यांत ओवल्या. एरवी दोन कामांमध्ये चहा पिणारी ही बाई आज कंबर कसून उभी होती. स्वरदाला त्या काही करू देत नव्हत्या आणि जाऊही देत नव्हत्या.

टेबल देखणं होत चाललं, तसा स्वरदाचा जीव कोंडत चालला. बाजारात जायला आता एकही कारण उरलं नव्हतं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त. सासऱ्यांनी अडवलं ते उघड तरी अडवलं. या बाईने हसत, फुलं मांडत अडवलं होतं.

दहा वाजून गेले. भगवानरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. धाडहून त्यांची मेहुणी, शकुंतलाबाईंची बहीण, बोलत होती.

"भाऊजी, मी सिंधू. आमच्या महालक्ष्म्या दुपारीच जेवतात, तुम्हाले तर माहीत आहे. सांगितलेली एक सवाष्ण ऐन वेळी नाही म्हणून राह्यली. तुमची सून पाठवता काय?"

भगवानरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. महालक्ष्मीच्या जेवणाला सवाष्ण मागितली तर नाही म्हणू नये, हे त्यांनीच घरात शंभरदा ऐकवलं होतं. तरी ते म्हणाले, "अवं, पण आमच्या टेबलाचं कोण पाहीन?"

बोलता बोलता त्यांनी मान वळवली. शालू, डाळींच्या वेली, पणत्या, फुलं. टेबलावर आता वाटी ठेवायलाही जागा नव्हती.

"झालं वाटते सगळं," ते पडेल आवाजात म्हणाले. मग सुनेकडे वळले. "जाय मंग. जेवण झालं की सरळ घरी यायचं."

धाडलाच जायचं आणि शाळेत नाही! मावशींच्या घरी पाटावर बसायचं, ओटी भरून घ्यायची, पुरणाचा आग्रह सोसायचा. शाळा तिथून हाकेवर, आणि ती बाराच्या ठोक्याला पोळीवर तूप वाढून घेत असणार. त्यापेक्षा इथेच तोंड लपवून रडलेलं बरं.

"मी नाही जात, बाबा."

"देवीच्या बोलावण्याले नाही म्हणतेस काय वं?" भगवानराव कडाडले. "नीघ पहिले!"

ती निघाली. प्रमाणपत्रांची पिशवी अजून खांद्यालाच होती. शकुंतलाबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पदर सारखा केला. स्वरदाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शकुंतलाबाईंनी मागे वळून बघितलं. भगवानराव पेपरात शिरले होते.

"बजाराच्या नावानं अर्धा घंटा भेटला असता तुले," त्या हळूच म्हणाल्या. "मंग तुझ्या सासऱ्यानं पोराले पाठवलं असतं शोधाले."

स्वरदाने चमकून वर पाहिलं.

"अन् सिंधूकडं जेवाले जाऊ नको. तिची सवाष्ण कालपासून पक्की आहे. तू सरळ शाळेत जाय."