पाणी काढून देईल तेवढंच

"थांबा, हात लावू नका!"

मुकादम ओरडले तशा बाई जागच्या जागी थबकल्या. उतारावरच्या मातीतून हाडाचं अंगठ्याएवढं करडं टोक डोकावत होतं. मुकादम गुडघ्यांवर बसले. कुंचल्यानं त्यांनी माती झटकली, नखानं खरवडून पाहिलं, मग खड्यानं हलकेच ठोकलं. टणक आवाज आला. त्यांनी रोखलेला श्वास सोडला.

"दगड झालाय. म्हणजे तुमचाच. घ्या."

बाई संग्रहालयात जीवाश्मांच्या विभागप्रमुख होत्या. सत्तरीला टेकलेला हा माणूस गेली सहा वर्षं त्यांना खोकी पाठवत होता. आत कापसात गुंडाळलेले मासे, शिंपले, मणके, आणि प्रत्येकावर जागा नि तारीख. बदल्यात त्यानं साधी पोचपावतीही मागितली नव्हती. म्हणून आज बाई स्वतः आल्या होत्या.

"काका, डोंगरात मासे कसे, असं लोक विचारत असतील ना?"

"विचारतात की. मी सांगतो, इथं समुद्र होता. मासा मेला, तळाच्या गाळात गाडला गेला. गाळावर गाळ बसला, त्याचा खडक झाला. मग जमिनीनं कूस बदलली नि तो तळच वर आला. आता डोंगर कितीही मोठा असला तरी पाण्यापुढे त्याचं काय चालतंय? दर पावसाळ्यात थोडा झिजतो, आतलं उघडं पडतं." मुकादम हसले. "जमीन कुणाचं काही कायमचं ठेवून घेत नाही, बाई. फक्त तिला घाई नसते."

संग्रहालयात येणाऱ्यांना वीस वर्षं समजावूनही आपल्याला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नाही, असं बाईंना वाटून गेलं.

"शिकलात कुठं हे सगळं?"

"रस्त्याच्या कामावर मुकादम होतो. पुस्तकं नंतर वाचली. पहिलं पुस्तक डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली. डोकंही या खडकाचंच!"

पावसाच्या पाण्यानं त्या उतारात एक खोल घळ कापली होती. घळीच्या काठानं लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येकीवर रंगानं साल लिहिलेलं. पाणी दरवर्षी किती आत सरकलं, त्याची ती खूण. वहीत सत्तावीस वर्षांच्या नोंदी होत्या, एकही साल न चुकवता. अशी नोंद बाईंच्या अख्ख्या खात्याकडे नव्हती.

"मग सरळ खणतच का नाही?"

"ही कोसळलेली दरड आहे. कुदळ लावली की वरचा डोंगर अंगावर येईल. कचेरीनंही बंदी घातलीये. म्हणून तर रस्ता एवढा वळसा घालून नेला. पाणी काढून देईल तेवढंच घ्यायचं."

काय हा धीर, बाई मनात म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पत्र काढलं.

"काका, पलीकडच्या खोऱ्यात आम्ही दोन वर्षांचं काम काढतोय. तिथले प्रमुख तुम्ही व्हावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे. आणि तुम्ही पाठवलेला तो काटेरी मासा जगात कुठंच नोंदलेला नाही. त्याला तुमचं नाव देतोय."

मुकादमांनी पत्र दोनदा वाचलं. डोळ्यांच्या कडा ओलावल्या. मग घडी घालून त्यांनी ते परत केलं.

"फार मोठा मान दिलात. पण मला जमायचं नाही. एकही पावसाळा इथून हलता येत नाही."

"अहो, पण का?" बाईंना राहवेना. "एवढं काम केलंत, आता मान घ्यायची वेळ आली तर मागे सरता? असं करा, आज उत्तर देऊ नका. घरी काकूंना विचारा. त्या नाही म्हणायच्या नाहीत, बघा."

"तिलाच विचारायला थांबलोय," मुकादम म्हणाले.

"कुठं गेल्यात?"

मुकादमांनी घळीच्या टोकापलीकडच्या मातीकडे बोट केलं.

"अजून अकरा हात आत. दरड आली तेव्हा माझा डबा घेऊन येत होती."